गाडीत मागे बसणाऱ्या बाई

बाई,

गेल्या महिन्यात शाळेत तुमची शोकसभा झाली. शाळेच्या कमिटीचे शेटजी अध्यक्ष होते. ते तुम्हाला आई म्हणाले. मुलांच्या शाळेचे हेडमास्तर आई म्हणाले. मामलेदार कचेरीतल्या एका गृहस्थांनी तुम्हाला फार तर रस्त्यावरून जाताना पाहिलं असेल, पण ते माउली म्हणून रुमालानं डोळे टिपायला लागले. मी पुढच्याच बाकावर होते. मला रडू येत होतं, पण कोणी 'आई' म्हटलं की ते आतल्या आत अडायचं. कारण डोळ्यांपुढे तुमचा चेहरा यायचा. राग आला की तुम्ही चष्मा काढून पदराला पुसत बसायचात. बघणाऱ्याला वाटावं, काचेवर धूळ बसली आहे. त्या दिवशी तुम्ही असतात तर पुसून पुसून त्या काचा झिजल्या असत्या.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असतात. मी शाळेत असताना एका पालकानं तुमच्या तोंडावर तुम्हाला आई म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "या मुलींना आया आहेत हो. घरोघर आहेत. त्यांच्याशीच तर माझं रोजचं भांडण आहे. धाकट्याला सांभाळायला मुलीला घरी कोण ठेवतं? आईच. मग आणखी एक आई होऊन मी काय करू?" तो बिचारा तुमची स्तुती करायला आला होता. टोपी हातात घेऊन उलट पावली गेला.

तुम्हाला देवी म्हटलेलं चालत नसे, आई म्हटलेलं चालत नसे, आणि शाळेच्या बागेची माळीण म्हटलं तर तुम्ही सरळ विचारायचात, "बाग कुठे आहे? एक कडुनिंब, आणि त्याच्यावर शेजाऱ्याच्या कोंबड्या."

तुमचं स्वतःचं काय म्हणणं होतं ते सभेत कोणालाच माहीत नव्हतं. मी उठून सांगायला हवं होतं. पण मी उठले असते तर भांडले असते. शोकसभेत भांडण बरं दिसत नाही. म्हणून इथे लिहिते आहे. तुमच्याशी कागदावर भांडायला मला कधीच लाज वाटली नाही.

मी बी.ए. होऊन धुळ्याच्या मुलींच्या हायस्कुलात लागले ते वर्ष आठवतं? आमच्या घरात सही करणारी पहिली मी, आणि अंगठ्यावरून एकदम बी.ए.! आमच्या गावी रनाळ्यात माझे वडील घरोघर सांगत सुटले होते की पोर मामलेदारापेक्षा दोन बुकं जास्त शिकली. मीही काही कमी फुगले नव्हते. आजही फुगलेली आहे. ते मी लपवत नाही.

त्या वर्षी धुळ्याला आपल्या खानदेशातल्या मुलींच्या शाळांच्या मुख्य बाया एकत्र जमल्या होत्या. भाषणं झाली, जेवणं झाली, आणि मग मागच्या सोप्यात सतरंजीवर तुम्ही सगळ्या पाय पसरून बसलात. बडीशेपेची वाटी फिरत होती. मी नवी म्हणून पाणी देत होते. बोलता बोलता कोणी तरी विचारलं, शाळा चालवणं म्हणजे आपण नक्की काय करतो हो? एक बाई म्हणाल्या, मी आई. दुसऱ्या म्हणाल्या, मी माळीण. तिसऱ्या जाड बाई होत्या, त्या म्हणाल्या, "मी चुलीशी दुधावर बसलेली बाई. नजर हटली की उतू जातं, आणि गेलं की सासू म्हणते, बघ, हिला एक काम जमत नाही." सगळ्या हसल्या, कारण ते सगळ्यांनाच पटलं. सासू म्हणजे इन्स्पेक्टर, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

तुमची पाळी आली. तुम्ही म्हणालात, "मी पाठराखीण."

मग त्या दुधावाल्या बाई म्हणाल्या, "अहो, पाठराखीण म्हणजे नवरीबरोबर सासरी जाऊन चार दिवस जेवून परत येणारी म्हातारी!"

"हो," तुम्ही म्हणालात. "तीच."

"आणि आमची ही बी.ए.?" कोणी तरी माझ्याकडे बघून विचारलं. तांब्या हातात धरून मी म्हणाले, "मी गाडीवान. मी धुरेवर बसणार. कासरा माझ्या हातात."

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "आणि मागे बसलेली मुलगी रडते आहे का झोपली आहे, ते तुला कसं कळणार गं तापे?"

"रडणं थांबवत बसले तर गाडी पोचेल कधी?"

सोप्यात हशा उसळला. आपण दोघीच हसलो नाही. बाकीच्यांना वाटलं, गुरू-शिष्येची गंमत चालली आहे. पण तुम्ही ती पाठराखीण पुस्तकातून काढलेली नव्हती आणि माझा गाडीवानही हवेतून आलेला नव्हता. दोघी एकाच गाडीतून उतरून आलो होतो.

ती गाडी मला अजून दिसते, बाई.

मी मराठी पाचवीत होते. नंदुरबारला मामाकडे राहून तुमच्या शाळेत यायची. माघात माझं लग्न झालं. मुलगा म्हसावदचा, घरची शेती, नवरा स्वतः शहाद्याला शाळेत. सासरी पहिल्यांदा जाताना पाठराखीण म्हणून माझी विधवा आत्या यायची होती. लग्नघरात आत्याला दुसरी जागाच नव्हती. हळदीत नाही, ओवाळणीत नाही, रुखवतापाशी नाही. वरात निघाली की मागच्या गाडीत, नवरीजवळ, एवढीच तिची जागा. ती आत्या नेमकी हिवतापानं अंथरुणाला खिळली. वडील डोक्याला हात लावून बसले. आणि तुम्ही, लग्नाला अक्षता टाकायला आलेल्या, कृष्णाकाठच्या, पांढऱ्या पातळातल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्या शाळेच्या मुख्य बाई, म्हणालात, "मी जाते. मलाही लग्नात तेवढीच जागा आहे."

वडिलांना केवढा मान वाटला! शाळेच्या बाई पाठराखीण! मांडवात कुजबूज झाली, पण विधवा बाई पाठराखीण होते यात कोणाला वावगं दिसलं नाही. तुमच्या मनात काय होतं ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

वाटभर मी रडत होते. तुम्ही मला जवळ घेतलं नाहीत. डोळेही पुसले नाहीत. प्रकाशा गावाखाली तापी नदीच्या उतारावर बैल पाण्यात शिरले, पाणी त्यांच्या पोटाला लागलं, गाडी कलली, मी किंचाळले, आणि तुम्ही म्हणालात, "पाऊणकी म्हण."

"काय?"

"पाऊणकी. एक पाऊण पाऊण. म्हण."

हुंदके देत देत मी नदीत पाऊणकीचा पाढा म्हटला. पलीकडच्या गाडीत नवरदेव ऐकत होते. पुढे बऱ्याच वर्षांनी यांनी मला सांगितलं, "मला वाटलं, तुझ्या माहेरी नदी ओलांडायचा हा मंत्रच असेल." त्यांना स्वतःला पाऊणकी कधीच येत नव्हती. अजूनही येत नाही.

म्हसावदला दारात सासूबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि मग तुमच्याकडे बघितलं. चष्मा, हातात पिशवी, पायात वहाणा.

"तुम्ही पोरन्या कोण?"

"पाठराखीण."

सासूबाईंनी वहाणांकडे पुन्हा एकदा बघितलं आणि आत घेतलं.

आणि मग तुमची ती चूक उघडी पडली. तुमच्या वाईकडे पाठराखीण नवरीबरोबर राहते आणि नवरीला घेऊनच माहेरी परत येते. तुम्ही तोच हिशेब धरून गाडीत बसला होतात. चार दिवस सासर, मग तापी परत शाळेत, वयात येईपर्यंत. पण आमच्याकडे तशी रीत नव्हती. आमच्याकडे पाठराखीण पाचव्या दिवशी लुगडं-खण घेऊन एकटीच परत जाते. नवरी राहते. तिला न्यायला माहेरचा मुराळी यायचा तेव्हा येतो, आणि आमच्या मुराळ्याला, म्हणजे माझ्या भावाला, पेरणीआधी सवड नव्हती.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी तुमच्यापुढे लुगडं ठेवलं. तुम्ही विचारलंत, "आणि तापीचं सामान?"

"तिनं कसानं सामान? तिनं घर हाईच ना."

तुमचा चेहरा मी त्याआधी तसा कधीच पाहिला नव्हता. तुम्ही चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग ते लुगडं हळूच सासूबाईंकडे सरकवलंत आणि म्हणालात, "मग मी थोडे दिवस राहते."

पाहुण्या बाईला जा कसं म्हणायचं? तेही सुनेच्या शाळेच्या बाईला? सासूबाईंची अडचण झाली, आणि तुम्हाला ती झाली आहे हे कळत होतं. अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, ढीगच्या ढीग. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सरळ मिरच्यांचे देठ खुडायला बसलात. दुपारी तुमचे हात पेटले. तुम्ही चुकून त्याच हातानं डोळा चोळलात. सासूबाईंनी ताकाची वाटी आणून दिली आणि मनापासून हसल्या. "लिखणारा हात शेतस ते. आग व्हईच."

मग रोज तेच. तुम्ही देठ खुडायचात, शिंकायचात, आणि मधूनच मला एखादं गणित घालायचात. माझ्या धाकट्या नणंदेनंही ऐकता ऐकता दिडकीचा पाढा पाठ केला. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "अजून ती बाई गयी नही का?" आणि सासूबाई म्हणायच्या, "पाठराखीण शे का घरजवाई, देवले माहीत." तुम्हाला ते ऐकू जायचं. तुम्ही मान खाली घालून हसायचात. मला मात्र लाजेनं मेल्यासारखं व्हायचं.

पंधरवडा उलटला. एका दुपारी सासूबाई तुमच्यासमोर बसल्या. स्वतःही खुडायला लागल्या. मग विचारलं, "बाई, तुम्हनी शाळा कोण पाही ऱ्हायनं?"

"कोणी नाही. दुसऱ्या बाई बाळंतपणाला गेल्या आहेत."

"मंग?"

"शाळा बंद आहे."

"बाकीन्या पोरी?"

"घरी बसल्या असतील."

सासूबाईंचे हात थांबले. एवढी आडदांड बाई, गावात भल्याभल्यांना गप्प करणारी, पण तेव्हा तिचा आवाज खाली आला. "एक पोरसाठे इतल्या पोरी घर बसाड्यात? लई जा माय, लई जा हिले. नहीतर त्या पोरीस्नं पाप मन्हा घरले लागी."

अशी मी शाळेत परत आले. दोन्ही घरांत मोठी झाले, पास झाले, पुण्याला गेले, बी.ए. झाले. सासूबाईंनी पुढे मला कधीच अडवलं नाही. त्यांचं म्हणणं, एकदा तुम्ही ओसरीत येऊन बसलात ते पुरे झालं.

पण बाई, आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

कारण मी शाळेत आले तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी होती. शेवंता तिथे बसायची. तेल्याची शेवंता, माझ्याहून हुशार. तुम्हीच म्हणायचात, हिशोबात तापीपेक्षा शेवंता पुढे. शाळा बंद राहिली तेवढ्यात तिच्या बापानं तिला घाण्याच्या कामाला लावलं, मग धाकटा भाऊ सांभाळायला, आणि ती पुन्हा आली नाही. आणखी एक मुलगी आली नाही. तुम्ही एकीला आणायला गेलात आणि दोघी गमावल्यात.

हे मी तुम्हाला मुलगी असताना बोलले नाही. बी.ए. झाल्यावर बोलले. त्या सोप्यातल्या हशानंतर, रात्रीच्या गाडीची वाट बघत धुळ्याच्या स्टेशनावर. "तुम्ही माझ्यामागे आलात ते चुकलंच. शाळेच्या मुख्य बाईनं शाळा बंद ठेवून जायचं नसतं. गाडीवान एका उतारूसाठी गाडी सोडून जातो का?"

तुम्ही म्हणालात, "पाठराखीण एकाच मुलीची असते, तापे. एका वेळी एकाच मुलीची. सगळ्यांची म्हणवणारी कोणाचीच नसते."

"मग शेवंताची कोण होती?"

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आगगाडी आली. तुम्ही बसलात. पुढे प्रत्येक भेटीत आपण तिथपर्यंत यायचो आणि तिथेच थांबायचो. मी जिंकते आहे असं मला वाटायचं. तुम्ही गप्प बसायचात म्हणून.

तुमची शाळेतली जागाही माझ्या रागाची होती. सगळ्या शाळांत मुख्य बाईंचं टेबल समोर, फळ्याशेजारी असतं. तुमचं मागे, दाराजवळ, मुलींच्या पाठीशी. एकदा इन्स्पेक्टर आले, समोर बघितलं, कोणी नाही. "मुख्याध्यापिका कुठे आहेत?" त्यांनी मुलींना विचारलं. सगळ्या मुलींनी एकदम मागे वळून बोटं दाखवली. तुम्ही उठलात, नमस्कार केलात आणि म्हणालात, "मी इथून यांच्या माना मोजते. कोणाची खाली गेली ते लगेच कळतं." ते साहेब गोंधळले. शेऱ्यात काय लिहावं हे त्यांना समजेना.

मी तुम्हाला विचारायची, पुढे बसायला काय होतं? तुम्ही म्हणायचात, पुढे फळा आहे ना.

या चैत्रात तुम्ही धुळ्याला आमच्याकडे आलात, ते शेवटचं येणं. हे कापसाच्या जिनात कारकून, त्यांची सुट्टी होती. तुम्ही ओट्यावर बसलात, कैरीचं पन्हं घेतलंत, आणि एकदम म्हणालात, "तापे, माझ्यानंतर शाळा घे."

मी म्हणाले, "अजून कुठे जाताय तुम्ही?"

"शेटजी म्हणतात, माझ्यानंतर बाई मिळाली नाही तर वरच्या वर्गातल्या मुली मुलांच्या शाळेत बसवू. बसवा म्हणतील, पण बसणार कोण? एक मुलगी बसणार नाही. चौथीनंतर संपलं."

मला ते माहीत होतं. सगळ्या नंदुरबारला माहीत होतं. मुलांच्या शाळेत पाचवीला मुलगी पाठवणारं घर आपल्याकडे अजून जन्माला यायचं आहे. पण मी हायस्कुलातली, इंग्रजी शिकवणारी. मी विचार केला, एवढी शिकून पुन्हा त्याच कडुनिंबाखाली जायचं? तुमच्या त्या मागच्या टेबलावर बसायचं?

मी म्हणाले, "बघू."

तुम्ही हसलात. "बघ. पण पुढे बसूनच बघ. मागचं टेबल तुला जमायचं नाही." आणि जाताना दारात थांबून म्हणालात, "शेवंताची मुलगी आता पाचवीत आली बघ."

एवढंच. मी विचारलं नाही की हे मला का सांगता.

आणि मग आषाढात ताप, आणि तुम्ही गेलात. मी आले तेव्हा उशीर झाला होता. तुमच्या खोलीत कोनाड्यात चष्मा होता. मी तो उचलला, पदराला पुसला आणि परत ठेवला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

शोकसभा संपली. लोक पांगले. शेटजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "देखो तापीबाई, तुम्ही हो म्हणाल तर ठीक. नाही तर कमिटीला दुसरा इलाज नाही. चाळीस पोरींसाठी वेगळी शाळा कमिटी किती दिवस चालवेल? बाई होत्या म्हणून चाललं. त्या आई होत्या." माणूस वाईट नाही. दिवाळीला मुलींना स्वतःच्या दुकानातून परकराचं कापड देतो. फक्त त्याला आईशिवाय दुसरी उपमा येत नाही.

मी बाहेर आले. कडुनिंबाखाली शेवंता उभी होती. एवढ्या वर्षांनी. केस पांढरे व्हायला लागलेले, कडेवर नातेवाइकांचं पोर. मला वाटलं, ही आता बोलणार. बोलायचा हक्क होता तिला.

"तापी," ती म्हणाली, "तू बाईस्ले लई बोलनी म्हणे, मन्हाकरता. बाईच सांगी गयात मले. हसत हसत सांगेत."

मी मानेनंच हो म्हटलं.

"तुले म्हाईत नही का? म्हसावदथून परत उन्यात ना बाई, तवपासून दर बाजारना दिन आम्हना ओटावर ईसन बठेत. दोन बरीस. मन्हा बाप त्यास्ले पाणी बी नही विचारे. घाणा फिरे, बैल फिरे, आणि बाई बठेल. मी घाणाजोडे, आणि बाई मले तिथूनच दिडकी विचारेत. बाप बोंबले, बाई विचारेत." ती हसली. मग पोर दुसऱ्या कडेला घेतलं. "तुन्ही सासू भली व्हती, तापी. मन्हा बाप नही व्हता. त्यामा बाईस्ना काय दोष?"

बाई, दोन वर्षं! दर बाजारच्या दिवशी! आणि तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत. धुळ्याच्या स्टेशनावर मी तुम्हाला विचारलं होतं, शेवंताची कोण होती. एका वाक्यात तुम्ही मला गप्प करू शकला असतात. आगगाडी यायची वाट बघत गप्प बसलात. का? मला जिंकू द्यायचं होतं? का तुमच्या मते दोन वर्षं ओट्यावर बसून मुलगी मिळाली नाही, म्हणजे त्याचा उच्चार करायचाच नाही? मला हे विचारायचं आहे आणि विचारायला तुम्ही नाही.

तरीही तुम्ही चुकलाच होतात. हे मी आजही म्हणते. तुमच्यामुळे मी शिकले हे खरं, आणि शाळा बंद ठेवली हे चूक, हेही खरं. दोन्ही खरं असू शकतं. तुम्हीच मला शिकवलंत की हिशोब चुकला की खोडून नवा मांडायचा, जुना लपवायचा नाही.

घरी यांना सांगितलं. मला वाटलं, नाराज होतील. हे अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "त्या बाईनं एकदा तुला आमच्या घरातून नेलीच होती. आता पुन्हा नेते आहे." मग म्हणाले, "जा. मी शनिवारी येत जाईन. पण मला पाऊणकी विचारू नकोस."

शाळा मी घेतली आहे. शेटजींना सांगितलं की मी आई वगैरे होणार नाही, त्यांना ते विनोदाचं वाटलं. टेबल मी पुढे नेलं. फळ्याशेजारी. पहिल्या दिवशी मुली सारख्या मागे वळून बघत होत्या. मी ओरडले नाही. दोन दिवसांत सवय झाली त्यांना. मला झाली नाही. पुढून सगळ्या मुलींचे चेहरे दिसतात, हे तुम्हाला सांगायला हवं. मागून मानाच दिसतात. तुमचं काही तरी चुकत होतं आणि माझंही काही तरी चुकतं आहे. कारण दार पुढून नीट दिसत नाही.

काल शेवंताची मुलगी आली नाही. परवाही आली नव्हती. सकाळी तिची जागा रिकामी दिसली आणि माझा पाय टेबलाखालून बाहेर पडला. मी तो परत आत घेतला. शाळा सुटेपर्यंत थांबले. गणित घेतलं, वाचन घेतलं, पाऊणकी म्हणून घेतली, एकही मुलगी घरी बसवली नाही. हा माझा हट्ट. शाळा सुटल्यावर कुलूप लावलं आणि तेली आळीकडे चालायला लागले.

शेवंताच्या सासरचं घर मला माहीत नव्हतं, विचारत गेले. दारात म्हातारी बसली होती, शेवंताची सासू. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मुलगीच असणार. शेवंता घरात नव्हती, कुठे कामाला गेली होती.

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कोण व?"

"शाळेतली बाई."

"शाळानी बाई?" म्हातारी मला खालपासून वरपर्यंत बघत राहिली. "ती ते मरी गयी ना, माय."

मी वहाणा काढल्या. ओट्यावर तिच्या शेजारी बसले. आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"दिडकी येते का गं?" मी आत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.